बर्फावरची कवळी

शालीला डांबरगोळ्यांचा वास आला की मला दोह्यातल्या मॉलमधलं बर्फाचं मैदान आठवतं. बाहेर अंग भाजणारं ऊन आणि आत आम्ही कुडकुडत लेकीची आइस हॉकी बघतोय. मॅचमध्ये तिचा पुढचा दात तुटला आणि "आय ॲम नेव्हर प्लेइंग अगेन!" म्हणत तिनं भोकाड पसरलं. तिचे कोच एकेकाळी कॅनडात पगारी खेळलेले, त्यांनी शांतपणे आपले पुढचे खोटे दात काढून तळहातावर ठेवले आणि हसले, "नाऊ यू आर अ प्रोफेशनल!" शालीत गुरफटलेल्या माझ्या आईला इंग्रजी कळलं नाही, पण तिनंही लगेच कवळी काढली. "अगं, माझे तर सगळेच गेलेत, मी कुठं रडतेय?" लेक रडता रडता खिदळली. परवा तिनं आपल्या पहिल्या व्यावसायिक संघाच्या जर्सीतला फोटो पाठवला, हसताना खोटा दात मुद्दाम काढून.