जोडीदाराची मोटरसायकल आणि माझा स्कोअर

मला मोटरसायकल चालवता येत नाही. कामावर मी कंपनीच्या बसनं जातो. तरीही रहाटणीतल्या फ्लॅटसाठी कर्ज मागायला गेलो, तेव्हा बँकेतल्या बाई म्हणाल्या, "तुमच्या मोटरसायकलचे हप्ते थकलेत. आधी ते मिटवा."

क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. तो काढला आणि उलगडा झाला. चाकणच्या कारखान्यात आमच्या लाइनवर रिवाज असा, की गाडी घ्यायची ठरली की मशीनवरचा जोडीदार जामीन राहतो. नाही म्हणणं म्हणजे त्याच्या डब्यातली भाजी नाकारणं. माझा जोडीदार चाकणजवळच्या गावचा. त्याच्या गाडीला मी जामीन होतो, आणि ते कर्ज माझ्या रिपोर्टवर थकीत म्हणून दिसत होतं.

"आमी शेवटचा हप्ता कवाच भरलाय राव," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी कर्ज फिटल्याचा दाखला घेऊन आला, तोही लॅमिनेट करून. फायनान्स कंपनीनंच ते क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्यांना कळवलं नव्हतं.

इकडे फ्लॅटचे मालक म्हणाले, "दीड महिना थांबतो. नंतर माझ्याकडे दुसरं गिऱ्हाईक आहे."

म्हणून बायकोला घेऊन निगडीतल्या एका क्रेडिट स्कोअर सुधारणाऱ्या एजंटाकडे गेलो.

"आठ दिवसांत स्कोअर वर. गॅरंटी!"

"म्हणजे नेमकं करणार काय?" मी विचारलं.

"तक्रार टाकणार."

"ती तर फुकट टाकता येते."

"येते की. पण तुम्हाला वेळ कुठंय, साहेब?"

बायको उठली. "यांनी एकदा गॅरंटी दिली त्याचंच हे झालंय. आता दुसरी नको."

तक्रार मीच ऑनलाइन टाकली. दाखल्याचा फोटो चार वेळा काढावा लागला, कारण लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकत होती. नियम वाचून घेतला: तीस दिवसांत निकाल लागला पाहिजे, नाही लागला, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला तक्रारदाराला शंभर रुपये भरपाई.

हा नियम मी कॅन्टीनमध्ये सांगितला आणि तिथंच चुकलं.

रोज बसमध्ये पाय ठेवला की विचारणा सुरू. "भावा, दुरुस्त झालं का?"

"नाही."

"लई भारी!"

माझ्या भरपाईतून आधी बेत मिसळीचा होता. मग कुणीतरी दोन महिन्यांची दिरंगाई धरून मटणाचा बेत काढला. जोडीदार मला बाजूला घेऊन म्हणाला, "फोनबिन करू नको त्या फायनान्सवाल्यांना. झोपलेत तर झोपू दे."

"अरे, फ्लॅट जाईल माझा!"

"जात न्हाई रं. आन् मालकाला पन बोलव जेवायला."

मालकांचा मात्र दर दोन दिवसांनी फोन यायचा आणि त्यांना जेवणात रस नव्हता. मी गुपचूप, जेवणाच्या सुट्टीत पार्किंगमध्ये जाऊन, फायनान्स कंपनीला फोन करत राहिलो.

अठ्ठाविसाव्या दिवशी मेसेज आला: दुरुस्ती झाली. आठवड्याभरात बँकेनं कर्ज मंजूर केलं. मालक अजून थांबलेले होते.

कर्ज मंजूर झाल्यावरच मी कॅन्टीनमध्ये सांगितलं.

"दोनच दिस ऱ्हायले हुते," जोडीदार म्हणाला. "तू फोन केलेस. व्हय का न्हाई?"

"केले."

"मंग बोंबललं."

"अरे, फ्लॅट मिळाला मला!"

त्यानं डब्याचं झाकण लावलं. "असं व्हय. मग त्याचं मटण तर तुझ्याच खिशातून."

मी त्यांना हिशेब मांडून दाखवला. बावीस माणसांच्या मटणाला अख्ख्या महिन्याची भरपाईसुद्धा पुरली नसती. म्हणजे कुणाचंच नुकसान झालेलं नव्हतं. कुणी ऐकेना. किल्ली मिळाल्यावर पहिल्याच रविवारी बावीसजण रिकाम्या हॉलमध्ये सतरंजीवर जेवून गेले. जाताना जोडीदारानं भिंतीवर हात फिरवून पाहिला आणि म्हणाला, "घर झ्याक हाय. पर रस्सा फुकटचा असता, तर आनखी झ्याक लागला असता."