नटावरची लाल रेघ

दादा गेल्याचा वहिनीचा फोन आला तेव्हा मी कामठीच्या घरी पोळ्या लाटत होते. ऐकल्याबरोबर तोंडातून निघालं, "कोणत्या रस्त्यावर?" वहिनी म्हणाली, "रस्त्यावर नाही वं, पलंगावर. झोपेतच." सायकलवाल्या प्रभाकरदादाबद्दल साऱ्या गोतावळ्यानं वर्तवलेलं भाकीत असं साफ खोटं ठरलं. आज सव्वा महिना झाला... आणि मला अजून त्याचा रागही येतो. न सांगता निघून जायची त्याची सवय शेवटपर्यंत सुटली नाही.

दादा हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर होता. तिथली एक रीत त्यानं घरी आणली. नट कसला, की नट आणि त्याला लागून असलेलं लोखंड यांवरून मिळून एक बारीक लाल रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, नट सरकला. कारखान्यात रंगाचा डबा असे. घरी वहिनीचं नेलपॉलिश. सायकलच्या प्रत्येक नटावर, छताच्या पंख्यावर, माझ्या शिलाई मशीनवरसुद्धा त्यानं रेघा मारून ठेवल्या आहेत. वहिनीची नखं मात्र कोरीच राहायची, आणि ती त्यावरून त्याला बोलायचीही.

निवृत्त झाल्यावर त्यानं जाहीर केलं, की सायकलनं नेपाळला जाणार, पोखऱ्यापर्यंत, आणि एकटाच. छातीत स्टेंट बसून तेव्हा दोनच वर्षं झाली होती. परक्या देशात हा माणूस कुठे पडला तर उचलणार कोण, या एकाच भीतीनं वहिनीची झोप उडाली. ती रडली, रुसली, आणि शेवटी त्याचं मतदार कार्ड गुपचूप माझ्याकडे आणून दिलं. कार्डच नसलं तर जाईल कसा! मी ते धन्याच्या डब्यात खुपसलं. पण नटानटाला रेघ मारणाऱ्या या माणसानं निघण्याआधी स्वतःच्या पाकिटातली कार्डं काही तपासली नाहीत, आणि एका पहाटे निघूनसुद्धा गेला. पंधराव्या दिवशी सोनौलीला, नेपाळच्या वेशीवर, त्यानं आधार कार्ड पुढे केलं. हे चालत नाही, मतदार कार्ड किंवा पासपोर्ट आणा, असं उत्तर मिळालं. पासपोर्ट त्यानं कधी काढलाच नव्हता.

त्याचा फोन आला तेव्हा मी वहिनीजवळच बसले होते. तिनं सगळं कबूल केलं. मला वाटलं, आता हा फोनवरच फाडून खाणार... पण दादा एवढंच म्हणाला, "पोस्टानं नको पाठवू. तुह्या मनात असंन तं तूच घेऊन ये. नाहीतर मी येतो वापस."

धन्याच्या डब्यातलं कार्ड मी वहिनीला आणून दिलं, आणि दोन दिवस ते तिच्या पर्समध्येच पडून राहिलं. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "चाल वं शालू, तिकीट काढ."

गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे बस. सोनौलीच्या धर्मशाळेच्या दारात दादा उन्हानं काळाठिक्कर पडलेला, पण हसत उभा होता. वहिनी सरळ सायकलपाशी जाऊन बसली. चष्मा लावून एकेक नट पाहत गेली. एकही रेघ तुटलेली नव्हती. मग तिनं पर्समधून कार्ड काढून त्याच्या हातावर ठेवलं. "जा तुम्ही," म्हणाली. "रोज सांजच्याले रेघा पाहात जा. आन् गोळी चुकवू नका." वेशीची कमान ओलांडून तो दिसेनासा झाला तेव्हा मी रडले. वहिनी नाही रडली. तीन आठवड्यांनी तो धडधाकट परत आला, आणि त्यानंतर त्या घरात कोणी कोणाचं काही लपवलं नाही.

परवा नागपूरला वहिनीकडे गेले. सायकल व्हरांड्यात जागच्या जागी होती. सवयीनं वाकून रेघा पाहू लागले. सगळ्या शाबूत, फक्त सीटखालच्या नटावरची तुटलेली. दादाच्या सायकलला हात कोणी लावला, म्हणून मी जरा तावातच विचारलं.

वहिनी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली होती. "मीच ढिला केला," ती म्हणाली. "माहे पाय नव्हते टेकून राहिले जमिनीले."

सीट चार बोटं खाली आली होती. तुटक्या रेघेच्या शेजारी दुसरी एक रेघ ओढलेली होती, थोडी वाकडी, पण नटापासून लोखंडापर्यंत अखंड.