भाताचा गॅस

दिगंबर ठोंबरे मूळचे कर्जतकडचे, नोकरीला चंदीगडच्या विद्यापीठात प्रयोगशाळा सहायक आणि राहायला मनीमाजऱ्यात. पंजाबात चौदा वर्षं काढूनही त्यांच्या हिंदीने कर्जत काही सोडलं नव्हतं. शेतात उभं असतं ते भात आणि ताटात पडतो तो भात. एवढ्याशा गोष्टीला इकडची माणसं धान आणि चावल असे दोन वेगळे शब्द वापरतात याची त्यांना कीव यायची.

एक्क्याण्णव साली त्यांच्या साहेबांनी, म्हणजे डॉ. विश्वनाथ सान्यांनी, एक काम हाती घेतलं. भाताच्या पाणथळ शेतातून मिथेन नावाचा, पृथ्वी तापवणारा वायू निघतो. तो जपानातल्या शेतातून किती निघतो आणि पंजाबातल्या किती, याची तुलना करायची होती. जपानचे आकडे साहेबांच्या एका जपानी मित्राकडून घरबसल्या पत्राने येत. पंजाबचे आकडे ठोंबरेंना स्कूटरवरून आणावे लागत. दर बुधवारी ते मोरिंड्यापलीकडच्या एका गावी जायचे, रोपांवर पारदर्शक पेटी पालथी घालायचे, आणि घड्याळाकडे बघत तिच्यातली हवा सिरिंजने ओढून रबरी बुचाच्या चोवीस बाटल्यांत भरायचे. बूच निघालं की हवा गेली आणि त्या बुधवारचा आकडाही गेला. "लोणच्याची बरणी कधी इतकी जपून आणली नाहीत," असं त्यांची बायको सुहासिनी म्हणायची.

दिवस मात्र वाईट होते. आज कुठे अतिरेक्यांचा बॉम्ब, उद्या कुठे गोळीबार, आणि रस्त्यारस्त्यावर पोलिसांचे नाके. अशात वायरी, सिरिंजा, घड्याळ आणि बंद बाटल्या घेऊन हिंडायचं म्हणून साहेबांनी विद्यापीठाच्या शिक्क्याचं पत्र दिलं होतं. ऑगस्टमधल्या एका बुधवारी ठोंबरे नेमकं तेच टेबलावर विसरून निघाले.

परतताना वाटेतल्या खरड गावच्या नाक्यावर सब-इन्स्पेक्टर गुरमेल सिंगने खोकं उघडायला लावलं.

"इसमें क्या है?"

"गैस है, साहब."

दोन शिपाई चार पावलं मागे सरले आणि त्यांच्या बंदुका वर झाल्या. ठोंबरे घाईघाईने खुलासा करू लागले.

"भात का गैस है जी. भात में से निकलता है, हम बाटली में पकड़ते हैं."

गुरमेल सिंगने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "भात तो हमारे बापूजी भी खाते हैं," तो म्हणाला, "उनका तो आज तक किसी ने नहीं पकड़ा."

शिपायांच्या बंदुका खाली आल्या, कारण हसताना त्या नीट धरता येईनात. ठोंबरे मात्र गंभीरच होते. "खाने का नहीं, खेत का. जपान से मुकाबला है."

हसून झालं, तरी तपासणी चुकणार नव्हती. प्रत्येक बाटली उघडून पाहायचा हुकूम होता. गुरमेल सिंगने पहिली उचलली तशी ठोंबरेंनी जन्मात कधी न केलेली गोष्ट केली. त्यांनी पोलिसाचा हात धरला.

"बूच मत निकालो जी. जपान जीत जाएगा."

पण गुरमेल सिंगचं लक्ष बाटलीवरच्या चिठ्ठीकडे होतं. तिच्यावर गावाचं नाव होतं. "ये तो मेरा पिंड है," तो हळूच म्हणाला. दोन वर्षं तो गावाकडे फिरकला नव्हता. खाकीतला मुलगा घरी दिसला तर घरच्यांच्या जिवावर बेतेल, असे ते दिवस होते. "पानी कितना है खेतों में?"

साहेबांनी पाहण्याआधी ठोंबरे आपले आकडे सुहासिनीलाही सांगत नसत. त्यांनी वही काढली आणि वाचायला सुरुवात केली. पाणी चार बोटं. मातीचं तापमान एकतीस. रोपं गुडघ्याएवढी. टोकाच्या शेतात दिलेलं पाणी तिसऱ्या दिवशीच जिरलेलं.

"वो कोने वाला हमारा है," गुरमेल सिंग म्हणाला, "रेत है वहाँ. पानी टिकता नहीं." मग त्याने बाटली स्वतःच्या हाताने खोक्यात परत ठेवली. एकाही बाटलीचं बूच निघालं नाही.

पुढे दर बुधवारी नाक्यावर वहीचं वाचन होऊ लागलं. पाणी टिकत नसल्यामुळे पंजाबचा आकडा जपानच्या बराच खाली राहिला आणि सानेसाहेब खूश झाले. ऑक्टोबरमध्ये कापणी झाली, काम संपलं. तरीही पुढच्या बुधवारी ठोंबरे स्कूटर काढून नाक्यावर गेले. बाटल्या वाचवणाऱ्या माणसाला शेवट कळायला हवा, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

"कट गया जी," त्यांनी सांगितलं.

"अच्छा? कितना निकला?"

ठोंबरेंनी सवयीने वही उघडली. पाणी होतं, माती होती, दर पंधरा मिनिटांचा गॅस होता, जपानचंसुद्धा सगळं होतं. धान्य किती उतरलं याचा रकानाच नव्हता. शेतकऱ्याच्या घरात जन्मून, अख्खा हंगाम बांधावर काढून, एवढं एक विचारायचं आपल्याला सुचलं नाही, याची त्यांना फार लाज वाटली. समोर गुरमेल सिंग उत्तराची वाट पाहत उभा होता.

"पूछ के आता हूँ," ठोंबरे म्हणाले आणि त्यांनी स्कूटर गावाकडे वळवली.