मी बारीक केलेली मुलगी
नागपुरात, सदरमधल्या एका स्टुडिओत मी बरीच वर्षं फोटो रिटच करते. लग्नाच्या अल्बममधल्या बायकांचे दंड बारीक करायचे, दुहेरी हनुवटी काढायची, नवरदेवाचं पोट आत ढकलायचं. गिऱ्हाईक सांगत नाही, पण नाही केलं तर रुसतं. हाताला इतकी सवय झालीय की भाजीवालीशी बोलतानाही माझा डोळा तिचा दंड कमी करत असतो.

माझी मुलगी आठशे मीटर धावते. मागच्या वर्षी ती जिल्ह्यात पहिली आली, तेव्हा तिच्या धावण्याच्या क्लबने मैदानाच्या जाळीवर लावायचा फ्लेक्स आमच्याच स्टुडिओत करायला दिला. फोटोत ती शर्यत संपवून उभी होती, मागे गोलपोस्टचा खांब. मी तिच्या मांड्या दोन्ही बाजूंनी आत ढकलल्या. विचार करून नाही, चहा पिता पिता. वर मूळ फोटोवरच सेव्ह करून टाकलं. परक्याच्या फोटोला असं कधी केलं नसतं. घरचा म्हणून बेफिकिरी. फ्लेक्स पाहून ती इतकी खूश झाली की सांगणं जिवावर आलं.

यंदा तिचं टायमिंग बिघडलं. क्लबच्या सरांनी जाळीवरच्या फ्लेक्सकडे बोट दाखवलं, "तेव्हा कशी हलकी होती तू! तशी हो, मग टायमिंग येते." तिने घरी येऊन हे सांगितलं. तरी फोटोचं खरं मी सांगितलं नाही. ती मला काय म्हणेल, याची भीती वाटली. उगाच सोज्वळ कारण कशाला सांगू?

आधी तिचा भात सुटला, मग पोळी एकावर आली, मग संध्याकाळी नुसती काकडी. नागपूरच्या मे महिन्यात ती पंखा बंद करायला लावायची, थंडी वाजते म्हणून. एका सकाळी कपाटात तिचं पॅडचं पाकीट दिसलं. तीन महिन्यांपूर्वी आणलं होतं, तसंच बंद. तीन महिने तिला पाळीच आली नव्हती.

त्याच दिवशी जेवताना सांगून टाकलं. "तो फोटो मी बारीक केला वं. तुझे पाय तसे कधीच नव्हते."

ती हसली. "मी जेवावं म्हणून खोटं बोलून राहिली तू."

"तुझी शप्पथ."

"मग जुना फोटो दाखव मले."

कुठून दाखवू? घरच्या बाकी फोटोंत ती सलवारीत, नाहीतर नुसता चेहरा. पोरगी डोळ्यांदेखत झिजत होती आणि खरं बोलूनही मी खोटारडी ठरत होते. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मग खांब आठवला. ऊन उतरल्यावर तिला ऑटोत घालून मैदानावर नेलं. आमच्या कामात हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात: अंगाची कड आत ढकलली की मागची सरळ रेषही सोबत सरकते, ती नंतर सरळ करून घ्यायची. मी बहुतेक वेळा करते. वाटभर एकच धाकधूक, इथेही केली असली तर?

फ्लेक्ससमोर उभं करून म्हटलं, "स्वतःकडे पाहू नको. मागचा खांब पाहा."

तिने आधी मैदानातल्या खऱ्या खांबाकडे पाहिलं. मग फ्लेक्सवरच्या खांबाच्या कडेवरून बोट वरून खाली नेलं. मांडीशेजारी ते लोखंड आत वळलं होतं. तिथे बोट थांबलं.

मला हायसं वाटलं. घरी जाऊन आधी कुकर लावायचा, असं मनात ठरवूनही टाकलं.

ती वळली. "म्हणजे मी तुले जाडी दिसत होती, आई?"

नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि मला आठवेचना, त्या दिवशी चहा पिता पिता मी तिच्याकडे पाहिलं तरी होतं का.