सावळीरामचं शुद्ध पाणी

सावळीराम पगारे कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये शिपाई होता. पण काचेवर बोटाचा ठसा दिसला तर प्राध्यापकालाही परत धुवायला लावील, असा खमक्या.

१९७९च्या उन्हाळ्यात डिस्टिल्ड वॉटरच्या यंत्राची काचेची नळी त्याच्याच हातून तडकली. नोकरी हंगामी, कायम करण्याचा कागद प्राचार्यांच्या टेबलावर. गड्याने ब्र काढला नाही. नळाचं पाणी खळखळून उकळलं, चौपदरी धोतरातून गाळलं आणि बरणीत भरून ठेवलं. याहून शुद्ध ते काय असणार?

तिकडे त्याच लॅबमध्ये संशोधन करणाऱ्या आहेर मॅडमची पीएच.डी. बुडायला आली. बेडकाचं हृदय काढून डिस्टिल्ड वॉटरमध्ये केलेल्या क्षारांच्या पाण्यात ठेवलं की ते तासन्‌तास धडधडतं. त्यात ईजीटीए नावाची पांढरी भुकटी मोजून टाकली, की थांबायला हवं. हे पठ्ठं थांबेचना.

"भुकटीच खराब निघाली, सावळीराम. विषय सोडते मी."

"पण ती करते काय, मॅडम?"

"पाण्यातलं कॅल्शियम पकडून ठेवते. त्याच्याशिवाय हृदय चालत नाही."

"आणि कॅल्शियम असतं कुठं?"

"दुधात, हाडांत. आपल्या नळाच्या पाण्यातसुद्धा."

"उकळून, गाळून घेतलं तरी?"

"तरी उरतंच."

सावळीरामची नजर आपल्या बरणीकडे गेली. गप्प बसला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण मॅडमची चार वर्षं आपल्या बरणीत बुडताना त्याला बघवेना. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. मॅडमनी बरणी उचलून मोरीत रिकामी केली.

त्याने सायकल काढली. आग्रा रोडच्या गॅरेजमधून बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरचे दोन कॅन आणले.

पुन्हा मांडामांड झाली. मॅडमनी भुकटीचं द्रावण सोडलं. बोराएवढं ते हृदय मंदावलं, आणि थांबलं. मॅडमनी कॅल्शियमच्या पाण्याचा ड्रॉपर त्याच्याच हातात दिला. "सोडा दोन थेंब."

थेंब पडले. क्षणभर काही नाही. मग ते हललं, आणि पुन्हा धडधडू लागलं. सावळीरामचे हात आपोआप जुळले. चिमूटभर भुकटीने थांबावं आणि दोन थेंबांनी चालावं, एवढंच असतं का हे?

तडकलेल्या नळीचं त्याने त्याच दिवशी प्राचार्यांनाही स्वतःच सांगितलं. कायम करण्याचा कागद त्यांनी तिथेच दोन वर्षं मागे ढकलला.

"काय मिळालं खरं बोलून?" घरी बायको मालनबाई कडाडली.

"मालन," तो हाताकडे बघत म्हणाला, "थांबलेलं काळीज आज या हातानं चालू झालं गं."