गुरुवारचा नारळ

काकींच्या घरी रडायला परवानगी होती, पण चहा झाल्यावर. आणि चहाबरोबर त्या असं काही सांगत, की रडायचं राहूनच जाई.

ऐंशीच्या दशकात मुलुंडला आमच्या कॉलनीत म्हातारं माणूस विसरायला लागलं, की डॉक्टर ‘वय झालं’ म्हणून टॉनिक लिहून देत. सांभाळणारीला टॉनिक द्यावं, हे सुचलं फक्त काकींना. काका गिरणीतून निवृत्त झालेले, एकेक गोष्ट विसरत चाललेले. काकींनी कॉलनीतून अशाच घरच्या आम्हा चौघींना हुडकलं आणि दर गुरुवारी दुपारी आपल्याकडे जमवलं. आठवड्यात जिच्या घरी सगळ्यात मोठा घोळ होईल, तिला मानाचा नारळ. तोच नारळ पुढच्या गुरुवारी परत आणायचा.

पहिल्या दिवशी मी सासूबाईंवर हात उगारून गेले होते. त्यांनी माझ्या नवऱ्याच्या ऑफिसच्या बुटात इडलीचं पीठ आंबवायला ठेवलं होतं. सांगताना मला मान वर करवेना. काकींनी गंभीरपणे विचारलं, "पीठ फुगलं काय गो?" फुगलं होतं. नारळ मला मिळाला. मग एकेकीने आपापला उगारलेला हात कबूल केला. घरी जाऊन मी सासूबाईंची वेणी घातली.

काकी स्वतः नारळ घेत नसत. हे मला ओळखतात तोवर मी स्पर्धेबाहेर, म्हणत. तो दिवस येईल, ही त्यांची एकच धास्ती होती. एका गुरुवारी मात्र त्यांनी दार उघडलं तेच लाजत. नारळ माझा, म्हणाल्या. काकांनी सकाळी त्यांना नाव विचारलं होतं, आणि मग खाली बघत, तुमचं लग्न कुठे ठरलंय का, असंही.

आम्ही त्यांना सावरायला पुढे झालो. काकींना मात्र हसू आवरेना. "तेव्हा बापाने ठरवलं होतं गो. ह्या खेपेला स्वतः पसंत केलंय."

"मग काय सांगितलंत?"

"घरी विचारून सांगते म्हटलं."

काका रोज विचारू लागले. काकी पावडर लावून रोज तेच उत्तर देऊ लागल्या.

दिवाळीनंतर काका गेले. तेराव्यानंतरच्या गुरुवारी आम्ही दारातच रडायला लागलो. काकींनी माझ्या हातातला नारळ घेतला आणि कोयत्याने फोडला. वर्षभर घरोघर फिरून आत त्याचा गोटा झाला होता. त्यांनी एकेकीच्या हातावर खोबरं आणि चिमूटभर साखर ठेवली.

"शेवटच्या सकाळी परत विचारलं त्यांनी. मी हो म्हटलं. घ्या, साखरपुड्याचं आहे."

चहा अजून व्हायचा होता. त्या दिवशी पहिल्यांदा काकींनी आपलाच नियम मोडला.