चारला गेला असंल

ऑक्टोबरची एकवीस तारीख. दुपारी मी हौदावर रबरी हातमोजे धूत होते. आधीच सांगते — पुढे जे लिहितेय ते मी त्या दिवसापर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं. नवरा गेला, त्यालाही नाही. मुलगी रविवारी फोन करते, जेवलीस का विचारते. तिला हे कुठून सुरू करून सांगायचं?

द्राक्षाची छाटणी झाली की दोन दिवसांत काडीच्या प्रत्येक डोळ्याला, म्हणजे कोंब फुटतो त्या जागी, पेस्ट लावावी लागते, नाहीतर बाग मागेपुढे फुटते. हे काम उक्तं देतात. ओळी संपवा आणि जा. हजेरी नाही, वही नाही. कोण किती वाजता गेलं, ते फक्त बागवाल्याला माहीत.

सहा वर्षांपूर्वी मला माहीत होतं.

त्या दिवशी मजुरांची टोळी टेम्पोने लवकर गेली. त्यांच्यातला बाळू मोटारसायकलवर आला होता, म्हणून थांबला. त्या दिवसाच्या शेवटच्या दोन ओळी आम्ही दोघांनी लावल्या. अंधारून आलं तसा म्हणाला, "काकू, आता डोळ्याला डोळं दिसंना. ऱ्हाऊद्या, न्हाईतर माझ्याच नाकाला लावाल." मी हसले. घड्याळ पाहिलं. साडेसहा.

त्याच संध्याकाळी सहाच्या सुमारास आळे गावाजवळ एका व्यापाऱ्याच्या घरावर दरोडा पडला. पाच जण, तोंडाला रुमाल, हातात कोयते. पकडलेल्यांत पहिला बाळूचा चुलतभाऊ निघाला, आणि त्याच्या फोनवरून त्या दिवशी बाळूला दोन कॉल गेलेले.

तिसऱ्या दिवशी हवालदार बांधावर आले. "ताई, बाळू तुमच्याकडनं किती वाजता निघाला?"

काय अवघड होतं त्यात? पण निम्म्या बागेला पेस्ट लावायची राहिली होती. साडेसहा म्हटलं की जबाब, मग कोर्टाच्या तारखा, त्याही ऐन हंगामात. चार म्हटलं की विषय तिथेच संपतो. मला कुणी धमकावलं नव्हतं. बाळूशी वैर तर मुळीच नव्हतं. मोज्यातला हातही बाहेर न काढता मी म्हटलं, "चारला गेला असंल."

असंल — एवढाच आडोसा मी माझ्यासाठी ठेवला. ते गेल्यावर टोळीच्या मुकादमाला फोन करून बाळूच्या जागी दुसरा माणूस मागवला.

चारला निघालेला माणूस सहाला आळ्यात आरामात पोहोचतो. बाळूला दहा वर्षांची शिक्षा झाली. निकालाआधी त्याचा वकील एकदा घरी आला होता. मी आत होते. फवारणीला गेलेय, असं गड्याला सांगायला लावलं.

नंतर का नाही बोलले? आधी वाटलं, सुटेलच. मग वाटलं, आता बोलले तर खोटी मीच ठरेन. आणि मग — मग नुसतीच सवय झाली. हळूहळू चार बायकांत बसणं बंद केलं. कुठेही बसलं की कुणी ना कुणी बाळूचं नाव काढायचं. त्यापेक्षा बाग बरी. माझी बाग चांगली पिकते, कारण मला दुसरीकडे जायला जागाच नाही.

त्या एकवीस तारखेला बाळूची बायको सुनंदा हौदापाशी आली. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"काकू, हायकोर्टात अपील सुनावणीला लागलंय. वकील म्हणत्यात, तुमी लिहून दिलं तर बघता येईल."

मी मोजे पिळत राहिले.

"भेटाया गेलं की आमचं मालक आजबी म्हणत्यात, काकू खोटं बोलायच्या न्हाईत. कामाच्या गडबडीत इसरल्या असतील."

मी मोजे दोरीवर वाळत घातले. ती आली तशी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने मी घोडेगावला बाळूच्या वकिलाकडे गेले. सुनंदालाही फोन करून बोलावून घेतलं. वकिलाने आधीच सांगितलं, कोर्ट हे मान्य करेलच असं नाही, आणि खोटी माहिती दिल्याचं तुमच्यावरही येऊ शकतं. मी म्हटलं, लिहा.

"तेव्हा विसरला होतात, असं घालू?"

"नाही. माहीत होतं. छाटणी चालू होती, म्हणून सांगितलं नाही."

त्यांनी तसंच लिहिलं. मी सही केली. सुनंदाने कागद उभ्यानेच वाचला, एकेक ओळ बोट ठेवून. घडी घालून पिशवीत ठेवला.

परतीच्या एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी होती. सुनंदा अवसरीला उतरेपर्यंत दारापाशी उभी राहिली.